हाताने घडवलेली सुरी: ग्राहकाशी काय बोलावं, कधी बोलावं, काय लिहून द्यावं

दोनशे रुपयांत बाजारात स्टेनलेसची सुरी मिळते आणि ती कांदा व्यवस्थित चिरते. तरीही एखादा माणूस तुमच्याकडे येतो, सुरीसाठी काही हजार मोजायला तयार होतो आणि वर तीन-चार महिने थांबतोही. या काळात त्याच्या हातात काहीच नसतं, असतात ती फक्त तुमची उत्तरं. म्हणून ऑर्डरप्रमाणे सुऱ्या करणाऱ्याचा ग्राहक बहुतेक वेळा सुरी हातात पडण्याआधीच जोडला जातो किंवा तुटतो, असं माझं ठाम मत आहे. वाईट बातमी त्याला तुम्ही होऊन सांगता की त्याला ती विचारून काढावी लागते, यावर सगळं अवलंबून असतं.

पुढे लिहिलेलं एकट्याने किंवा एखाद्या मदतनिसाला घेऊन शेडमध्ये काम करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणं स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांची घेतली आहेत, कारण आपल्याकडे घरगुती ग्राहक आणि हॉटेलातले शेफ हेच मुख्य गिऱ्हाईक.

१. भाव सांगण्याआधी विचारा

पहिला मेसेज साधारण ठरलेला असतो. कुठल्या तरी परदेशी सुरीचा स्क्रीनशॉट आणि खाली, "दादा, डमास्कसमध्ये अशी करून मिळेल का? रेट काय?" लगेच आकडा टाकला की बोलणं तिथेच संपतं, कारण समोरच्याकडे तुलना करायला फक्त तो आकडाच उरतो. त्याऐवजी असं लिहा: "नक्की करता येईल. आधी तुमचा वापर समजून घेतो, मग भाव सांगतो. पाच-सहा प्रश्न आहेत, सवडीने उत्तर द्या."

विचारायच्या गोष्टी अशा:

- रोज काय चिरता? पालेभाजी आणि कांदा-टोमॅटो, की सुरण, लाल भोपळा, मासे, मटण?
- या सुरीने नारळ किंवा हाड फोडायची वेळ येईल का?
- चिरायला लाकडी पाट आहे, प्लास्टिकचा आहे, की थेट ओट्याच्या ग्रॅनाइटवर चिरता?
- घरात ही सुरी आणखी कोण वापरणार? कुणी डावखुरं आहे का?
- भांडी कोण घासतं? सुरी सिंकमध्ये पडून राहते का?
- आत्ताच्या सुरीला धार कोण लावतं आणि कधी?

भांड्यांचा प्रश्न अनेकांना आगाऊपणा वाटतो, पण माझ्या मते तो सगळ्यात महत्त्वाचा. भांडी घासायला मावशी येत असतील आणि सुरी तासभर ओल्या भांड्यांखाली पडणार असेल, तर १०८४ किंवा ५२१०० सारखं गंजणारं कार्बन स्टील त्या घरात चालणार नाही. मग एईबी-एल सारखं स्टेनलेस सुचवा आणि का ते सांगा. ग्राहकाने मागितलेली महाग वस्तू तुम्हीच नको म्हणालात, हे तो विसरत नाही.

नारळाच्या प्रश्नाचंही तसंच. कोकणातल्या घरात "कधीतरी फोडतो" असं उत्तर आलं तर पातळ पात्याची, ६० रॉकवेलच्या वर कडकपणा असलेली सुरी देऊ नका. एकतर नारळासाठी कोयताच वापरायचा असं स्पष्ट कबूल करून घ्या, नाहीतर धारेमागची जाडी वाढवा आणि त्यामुळे टोमॅटो थोडा कमी सफाईने कापला जाईल हेही सांगून ठेवा.

मुठीसाठी हाताचं माप घ्या. कोऱ्या कागदावर उजवा पंजा ठेवून पेन्सिलीने बाह्यरेषा काढायची, शेजारी पट्टी ठेवायची आणि फोटो पाठवायचा. एवढ्याने तळव्याची रुंदी कळते. ग्राहक मूठ पूर्ण पकडतो की अंगठा आणि तर्जनी पात्यावर ठेवतो, हे बघायला कांदा चिरतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ मागा. लोक आनंदाने पाठवतात. आयुष्यभर विळीवर चिरलेल्या बायकांचा हात वेगळा चालतो. भाजी पात्याकडे ढकलायची सवय असते आणि सुरी वरून दाबली जाते. अशा हाताला नऊ इंची लांब सुरी अवजड वाटते, सहा-साडेसहा इंच पुरतं.

२. ठरलेलं एका मेसेजमध्ये लिहा

फोनवर कितीही छान बोलणं झालं तरी शेवटी सगळं एकाच ठिकाणी लिहून पाठवायचं. नमुना देतो:

"नमस्कार ताई. आपलं ठरलेलं असं: साडेसहा इंची सुरी, १०८४ कार्बन स्टील, शिसवी मूठ, पितळी रिव्हेट. हे स्टील गंजतं आणि आंबट पदार्थांनी काळपट होतं, याबद्दल आपण बोललो आहोत. किंमत अमुक, कुरिअर वेगळं. आगाऊ रक्कम तमुक. पात्याला पाणी देण्याआधी (म्हणजे तापवून, तेलात बुडवून कडक करण्याआधी) ऑर्डर रद्द केलीत तर आगाऊ रक्कम पूर्ण परत, नंतर निम्मी. अंदाजे पौष संपेपर्यंत तयार होईल. उशीर होणार असेल तर तारीख उलटण्याआधी मी कळवीन. सगळं बरोबर असेल तर 'ठीक' एवढं लिहा."

शेवटच्या 'ठीक'चं मोल फार. सहा महिन्यांनी आठवणीत फरक पडला तर वाद घालावा लागत नाही, दोघांनीही वर स्क्रोल करायचं.

आगाऊ रकमेवर कारागिरांत एकमत नाही. काही जण काम सुरू होईपर्यंत एक रुपयाही घेत नाहीत, काही निम्मे पैसे आधी घेतात. माझा कल कमी घेण्याकडे आहे. ज्या ऑर्डरला हात लावायला अजून चार महिने आहेत तिचे पैसे आधीच खर्च होऊन बसले, की माणूस ग्राहकाचा फोन उचलायचं टाळायला लागतो, आणि कारागिराचं नाव बहुतेक वेळा तिथूनच बिघडतं. तेव्हा यादीत नाव घालायला नाममात्र रक्कम घ्या आणि साहित्याचा खर्च काम हातात घेताना मागा.

३. थांबण्याचा काळ

अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत बो रँडल यांनी १९३७ च्या सुमारास सुऱ्या करायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी टपालाने ऑर्डरी पाठवल्या आणि यादी वाढत गेली. आजही त्या कारखान्याच्या सुरीसाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात. त्याच रँडलची सुरी घ्यायला १९५० च्या दशकात बॉब लव्हलेस नावाचा एक तरुण खलाशी न्यूयॉर्कच्या ॲबरक्रॉम्बी अँड फिच दुकानात गेला. नऊ महिने थांबावं लागेल असं कळल्यावर त्याने जुन्या मोटारीच्या स्प्रिंगचं लोखंड घेऊन स्वतःच सुरी घडवली. पुढे लव्हलेस हे ऑर्डरच्या सुऱ्यांमधलं जगभर सर्वांत आदराने घेतलं जाणारं नाव झालं आणि त्यांच्या सुऱ्यांसाठीही तशीच रांग लागली.

लांब यादी असली की माल आपोआप खपतो, असं यावरून समजू नका. ज्याला थांबणं परवडत नाही तो निघून जातो, आणि जो थांबतो तो काहीतरी कळत राहतं म्हणून थांबतो. तेव्हा कधी काय कळवायचं हे आधीच ठरवून टाका. माझ्या मते एका सुरीसाठी मधले चार मेसेज पुरेत.

पहिला, ऑर्डर यादीत गेल्यावर: "तुमच्या आधी सात सुऱ्या आहेत." आकडा खरा सांगा, आणि ओळखीच्या माणसासाठी कुणाला मध्ये घुसवू नका. गाव लहान असतं, कळतंच.

दुसरा, पातं कापून किंवा ठोकून आकाराला आलं की. एक फोटो, शेजारी ग्राहकाने पाठवलेलं पंजाचं चित्र ठेवलेलं. आपल्या मापाने काम चाललंय हे त्याला डोळ्यांनी दिसतं. आकारात बदल करायचा असेल तर हीच शेवटची वेळ, हेही त्याच मेसेजमध्ये लिहा.

तिसरा, पाणी दिल्यावर. या टप्प्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथेच गोष्टी बिघडतात. १०८४ चं पातं ८१५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून तेलात बुडवलं जातं. पातं बारीक असेल किंवा दोन्ही बाजूंची घासाई सारखी नसेल तर ते वाकतं, आणि कधीकधी तेलातून बारीकसा 'टिक' ऐकू येतो. कारागिराला त्याचा अर्थ लगेच कळतो: पात्याला चीर गेली. आता नवीन पातं, म्हणजे आणखी दोन-तीन आठवडे. बहुतेक जण इथे गप्प बसतात आणि ग्राहकाने विचारलं की "काम चालू आहे" म्हणतात. तसं करू नका. चिरलेल्या पात्याचा फोटो काढा, चीर दिसेल असा उजेड पाडा आणि पाठवा: "साहेब, पाणी देताना तुमच्या पात्याला इथे चीर गेली. वापरता आलं असतं कदाचित, पण मी देणार नाही. नवीन पातं उद्या कापतो. वीस दिवस वाढतील, पैसे वाढणार नाहीत." असा मेसेज मिळालेला माणूस क्वचितच चिडतो. उलट तो फोटो चार जणांना दाखवतो.

चौथा, मूठ बसली आणि धार लावली की. यात तारीख आणि कुरिअरची माहिती असावी.

याहून जास्त मेसेज नकोत. रोज ठिणग्यांचे व्हिडिओ पाठवले की ते जाहिरातीसारखे वाटायला लागतात आणि महत्त्वाचा मेसेज त्यात हरवतो. बोलणं एकाच ठिकाणी ठेवा. चौकशी इन्स्टाग्रामवर, मापं व्हॉट्सॲपवर आणि पैशांचं फोनवर असं झालं की घोळ ठरलेला. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये लेबलं आहेत. 'माप बाकी', 'पातं कापलं', 'पाणी दिलं', 'उशीर कळवायचा' अशी करून ठेवा. शेवटचं लेबल दर रविवारी उघडायचंच.

४. मालाबद्दल जेवढं खरं तेवढंच

"धार कधीच जात नाही" असं लिहिणाऱ्याकडे जाणकार पुन्हा जात नाही. धार जातेच. किती दिवसांत जाते आणि परत कशी येते, ते सांगा.

जुने लोक अजूनही "पाणी कसं आहे?" असंच विचारतात. त्याचं उत्तर आकड्यात देता आलं पाहिजे. पातं किती अंशांवर तापवलं, नंतर ठिसूळपणा कमी करायला २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा मुरवलं का, कडकपणा मोजला असेल तर किती रॉकवेल. मोजलेला नसेल तर अंदाजाचा आकडा मोजल्यासारखा लिहू नका. पितळी सळईवर धार हलकेच दाबून सरकवायची आणि धार वाकून परत सरळ होते का, ते बघायचं. या साध्या परीक्षेचा व्हिडिओ दाखवा, तो आकड्याइतकाच बोलतो. जर्मन धाटणीच्या सुऱ्या ५६ ते ५८ आणि जपानी ६० च्या वर असतात, एवढी तुलना दिली की ग्राहकाला अंदाज येतो. कडक पातं धार जास्त टिकवतं, पण हाडावर आपटलं तर त्याची कड तुटते, हेही सोबत सांगायचं.

डमास्कसबद्दल फार गैरसमज आहेत. आज ज्याला डमास्कस म्हणतात ते दोन स्टीलचे थर एकत्र ठोकून केलेलं असतं. बहुतेक वेळा १०८४ आणि १५एन२० असतं. दुसऱ्यात सुमारे दोन टक्के निकेल असतं, त्यामुळे फेरिक क्लोराइड या धातू खाणाऱ्या रसायनात बुडवल्यावर ते चकचकीत राहतं, पहिलं काळं पडतं आणि नक्षी दिसते. ही कला अमेरिकेत बिल मोरान यांनी १९७३ मध्ये आपल्या सुऱ्या प्रदर्शनात मांडल्यानंतर पुन्हा रुजली. त्यांनीच १९७६ मध्ये अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी स्थापन केली. तिथल्या परीक्षेत एकाच सुरीने लोंबकळता दोर एका घावात तोडायचा, बांधकामाचं लाकूड तोडायचं, त्यानंतरही तीच धार हातावरचे केस काढते हे दाखवायचं आणि शेवटी पातं शिकंज्यात धरून ९० अंशांत वाकवायचं असतं. सुरीबद्दलचा दावा लोकांसमोर तपासून दाखवायचा, ही त्यामागची रीत आपणही घेऊ शकतो. सुतळीचा जाड दोर दहा-वीसदा कापून मग त्याच धारेने पिकलेला टोमॅटो चिरला तर तो व्हिडिओ कुठल्याही विशेषणापेक्षा चांगला.

थर दिलेली पट्टी बाहेरून विकत आणली असेल तर तसं सांगा. पाणी दुसऱ्याच्या भट्टीत दिलं असेल तर तेही. यात कमीपणा नाही. जपानातल्या साकाई शहरात पातं ठोकणारा, धार काढणारा आणि मूठ बसवणारा हे पिढ्यानपिढ्या वेगवेगळे कारागीर असतात आणि त्या सुऱ्या जगभर मान मिळवून आहेत. लपवलेलं बाहेर आलं की मात्र ग्राहक बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका घेतो.

५. सुरीबरोबर जाणारा कागद

डब्यात मराठीत लिहिलेलं एक कार्ड हवंच. त्यावर सुरीचा क्रमांक, स्टील, मुठीचं लाकूड, महिना-साल आणि निगा. निगेची वाक्यं छोटी आणि थेट:

"चिरून झालं की लगेच धुऊन पुसा. सिंकमध्ये ठेवू नका. तारेच्या काथ्याने घासू नका. ओट्यावर किंवा काचेवर चिरू नका. आठवड्यातून एकदा खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. पहिल्या महिन्यात सुरी निळसर, मग करडी होईल. ते चांगलं. तांबूस पूड दिसली तर तो गंज. लगेच मला फोटो पाठवा."

शेवटची चार वाक्यं सगळ्यात उपयोगी. एका काकूंनी नवी सुरी मिळाल्यावर चौथ्याच दिवशी फोन केला. आवाज रडवेला: "अरे, लोणच्याची कैरी चिरली आणि सगळी सुरी काळी पडली. एवढे पैसे घातले…" त्यांच्या घरातली पन्नास वर्षांची विळी काळीभोर होती आणि तिचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. त्यांना विळीचा फोटो पाठवायला सांगितलं, सुरीशेजारी ठेवून. तो फोटो काढतानाच त्या म्हणाल्या, "म्हणजे ही पण तशीच होणार?" हो, तशीच. कार्ड तेव्हाही होतं, पण डब्याच्या तळाशी. आता ते पात्याभोवतीच गुंडाळून जातं, म्हणजे ते वाचल्याशिवाय सुरी बाहेर निघत नाही.

पाठवताना टोकाला बूच किंवा जाड पुठ्ठ्याचं म्यान घाला. कुरिअरवाल्याला आत स्वयंपाकाची सुरी आहे हे सांगूनच पार्सल द्या, काही कंपन्या घेत नाहीत. ग्राहक विमानाने नेणार असेल तर सुरी चेक-इन सामानातच ठेवायची, हे आठवणीने सांगा.

६. तक्रार आली तर

फोटो येतो: धारेला तांदळाच्या कणीएवढा तुकडा गेलेला. खाली, "दादा हे असं कसं?" इथे पहिला प्रश्न "तुम्ही काय कापलंत?" असा गेला की ग्राहक आरोपी होतो आणि खोटं बोलतो. आधी म्हणा, "दिसलं. दुरुस्त होईल, काळजी करू नका. पाठवून द्या." मग दुसऱ्या मेसेजमध्ये, "पुन्हा होऊ नये म्हणून विचारतो, त्या दिवशी सुरी कशावर चालली होती?" आता खरं उत्तर येतं. गोठलेलं चिकन, नाहीतर सुरमईचा मधला काटा.

पहिली दुरुस्ती फुकट करा, चूक कुणाचीही असो. दुसऱ्या वेळी मजुरी घ्या आणि ती किती हे आधीच कार्डावर छापून ठेवा. एकाच पद्धतीची तक्रार दोन-तीन ग्राहकांकडून आली तर मात्र तो तुमच्या धारेच्या कोनाचा किंवा पाण्याचा दोष समजा. मग त्याच खेपेतल्या बाकीच्या ग्राहकांना स्वतःहून लिहा. यासाठी वही लागते: क्रमांक, स्टीलची खेप, पाणी दिल्याची तारीख, मुरवण्याचं तापमान, कोण घेऊन गेलं. वहीशिवाय कुणाला कळवायचं हेच ठरवता येत नाही.

७. नाही म्हणणं

रीलसाठी तलवार, वाढदिवसाला मिरवायला खंजीर, अशा मागण्या येतातच. शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांत धरली आहेत. घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाची अवजारं त्यातून वगळली आहेत. शिवाय आपल्याकडे वेळोवेळी पोलिसांचे मनाई आदेश असतात आणि तलवारीने केक कापला म्हणून गुन्हे दाखल होतात. एका ओळीत उत्तर द्या: "मी फक्त स्वयंपाकाची आणि कामाची अवजारं करतो." कारण विचारलं तर नियम सांगा, उपदेश करू नका.

८. विकल्यानंतरची वर्षं

तीन आठवड्यांनी एक मेसेज: "सुरी हाताला बसली का? मुठीत कुठे टोचतं का?" विक्रीचा एक शब्दही त्यात नको. मुठीची टोचणारी कड कानशीने दहा मिनिटांत जाते, पण ग्राहक आपणहून कधी सांगत नाही, सुरी फळीवर ठेवून देतो.

मग वर्षातून दोनदा. मे संपताना: "पावसाळा येतोय. सुरी म्यानात ठेवू नका, उघडी आणि कोरडी ठेवा. मुठीला तेल द्या." लाकूड दमट हवेत फुगतं आणि चामड्याच्या म्यानात ओल धरून राहते, म्हणून हा मेसेज खरोखर कामाचा आहे. दुसरा खंडेनवमीच्या आधी. त्या दिवशी अवजारं पुजायची आपली रीत आहेच, तेव्हा त्याआधीच्या पंधरवड्यात "माझ्याकडची कुठलीही सुरी आणा, धार फुकट लावून देतो, बाहेरगावच्यांनी फक्त येण्या-जाण्याचं कुरिअर द्यायचं" असं कळवा. सुऱ्या परत हातात येतात तेव्हा आपलं काम कसं झिजतंय ते दिसतं. रिव्हेट सैल होतात का, धार कुठे जास्त खाल्ली जाते, कोणतं लाकूड भेगाळतं. लोक बरोबर घरातली जुनी विळीही घेऊन येतात. तिलाही धार लावून द्या.

सुरीचा फोटो टाकताना ग्राहकाचं नाव, घर, नंबर दिसणार नाही हे बघा आणि आधी विचारा. दुसरी ऑर्डर आली तर मापं पुन्हा मागू नका, वहीतून काढा आणि लिहा: "मागच्या वेळी मूठ पाच मिलिमीटर बारीक केली होती, यावेळी तशीच ठेवू का?" यादी पेलवेनाशी झाली तर नवीन नावं घेणं सरळ बंद करा आणि पुन्हा कधी सुरू होईल तो महिना सांगा. तो महिना आला की ज्यांना नाही म्हटलं होतं त्यांना सगळ्यात आधी कळवा.